हेडरचा हिशेब

२००२ या एकाच वर्षात अटलांटिकच्या दोन काठांवर दोन निवृत्त खेळाडू गेले. दोघांच्या खेळांचे नाव फुटबॉल, खेळ मात्र अगदी निराळे. जानेवारीत इंग्लंडमध्ये जेफ ॲसल वारला, वयाच्या ५९ व्या वर्षी. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा हा सेंटर फॉरवर्ड. १९६८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा, आणि हेडर ही त्याची खासियत. पन्नाशीतच त्याची स्मृती गेली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निकाल दिला की वर्षानुवर्षे चेंडू डोक्याने मारल्यामुळे मेंदूला इजा होत गेली, आणि मृत्यूचे कारण म्हणून नोंदवले ‘औद्योगिक आजार’. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत माइक वेब्स्टर गेला. पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला, १७ हंगाम खेळलेला. अखेरच्या काळात कधी कधी पिकअप ट्रकमध्ये झोपणारा. वय ५०. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याचा मेंदू वरून नेहमीसारखाच दिसला. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मात्र टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सापडले. २००५ मध्ये त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी, म्हणजे सीटीई, हे नाव डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर पोहोचले.

गेल्या वीस वर्षांत या आजारावर चित्रपट निघाले, खटले झाले, नियम बदलले. तरीही चर्चेचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या जागी राहिला आहे. चर्चा होते ती कन्कशनची: खेळाडू कोसळतो, डोळे फिरतात, डॉक्टर धावत येतात, स्ट्रेचर येते. ते सारे गंभीर आहे आणि त्यावरचे उपायही हवेतच. पण हाती आलेला पुरावा वेगळेच सांगतो. हा आजार ज्या फटक्यांची बेरीज आहे, त्यांतले बहुतेक फटके कोणाच्या लक्षातही येत नाहीत. खेळाडू पडत नाही, त्याला दुखत नाही, तो पुढच्या क्षणी पुन्हा धावतो. तेव्हा एखाद्या मोठ्या धडकेनंतर काय करायचे एवढ्यावरच थांबून चालणार नाही. एका डोक्याने आयुष्यभरात एकूण किती फटके घ्यावेत आणि ते कोणत्या वयापासून, हा खरा प्रश्न आहे. क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ छातीवर एक छोटा बिल्ला लावतो. त्याच्या शरीरात किती किरणोत्सर्ग गेला याची नोंद त्यावर होत राहते. एका एक्स-रेने त्याला काही होत नाही, म्हणून कोणी तो बिल्ला काढून ठेवत नाही. ॲसलच्या निकालातल्या ‘औद्योगिक’ या शब्दाचा अर्थ गांभीर्याने घेतला असता, तर फुटबॉलही त्याच वाटेने गेला असता.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके झटक्याने वळले किंवा थांबले की मेंदूचे वेगवेगळे थर एकाच वेळी थांबत नाहीत, आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. या तंतूंचा आतला सांगाडा टिकवून धरणारे टाऊ प्रथिन तिथून सुटते, एकमेकांना चिकटते आणि मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचू लागते. अल्झायमरमध्येही टाऊ असते, पण ते साचण्याची जागा आणि तऱ्हा निराळी. म्हणूनच हा स्वतंत्र आजार मानला जातो. खेळ थांबला तरी ही प्रक्रिया थांबतेच असे नाही. आधी चिडचिड, नैराश्य, स्वतःवरचा ताबा सुटणे, मग विसराळूपणा, आणि अनेकांच्या बाबतीत अखेर स्मृतिभ्रंश. खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच करता येते. यातले काही अगदी नवे नाही. न्यू जर्सीतले हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांमधल्या अशा अवस्थेवर लिहिले होते. त्यांचे एक निरीक्षण आज पुन्हा वाचण्याजोगे आहे: हा त्रास चपळ, अव्वल लढवय्यांपेक्षा मार खात राहणाऱ्यांना, सरावासाठी समोर उभे केल्या जाणाऱ्या दुय्यम दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांना अधिक होतो. नुकसान सरावात होते, हे शंभर वर्षांपूर्वीच कोणाच्या तरी डोळ्यांना दिसले होते.

आता आकडे. बॉस्टन विद्यापीठाच्या सीटीई केंद्रात डॉ. ॲन मॅकी आणि त्यांचे सहकारी दान मिळालेले मेंदू तपासतात. २०१९ मध्ये त्यांनी २६६ अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. टॅकलचा, म्हणजे समोरच्याला धडकून पाडण्याचा खेळ जितकी वर्षे अधिक, तितका सीटीईचा संभव अधिक. दरवर्षी सुमारे ३० टक्के, म्हणजे साधारण २.६ वर्षांत दुप्पट. २०२३ मध्ये ६३१ मेंदूंवरचा अभ्यास आला. त्यात डोक्याला आयुष्यभर बसलेल्या धक्क्यांचा एकत्रित जोर हा आजाराचा आणि त्याच्या तीव्रतेचा सर्वांत चांगला अंदाज देणारा घटक ठरला. खेळाडूला किती वेळा कन्कशन झाले, या आकड्यातून मात्र आजाराचा अंदाज येत नव्हता. संपूर्ण वादाचा मध्य इथे आहे. डॉक्टरांच्या वहीत ज्याची नोंद होते त्यापेक्षा ज्याची नोंदच होत नाही, ते जास्त घातक ठरत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो योग्यही आहे. या केंद्राने एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ३७६ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले आणि त्यांतल्या ३४५ मध्ये सीटीई आढळला, हा आकडा २०२३ मध्ये जगभर छापला गेला. शंभरातल्या एक्याण्णव-ब्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो, असा त्याचा अर्थ लावणे साफ चूक आहे. मेंदू दान करणारी कुटुंबे बहुधा तीच, ज्यांनी घरात काहीतरी बिनसलेले पाहिले. पण म्हणून हा पुरावा मोडीत निघत नाही. २०१७ मध्ये, एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंमध्ये आजार सापडला तेव्हा, केंद्राचे काम सुरू झाल्यापासून सुमारे १,३०० माजी खेळाडू वारले होते. न तपासलेले उरलेले सारे मेंदू पूर्ण निरोगी होते असे धरले, तरी प्रमाण शेकडा आठ-नऊच्या आसपास जाते. दुसरीकडे, हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेमिंगहॅमच्या सामान्य नागरिकांचे १६४ मेंदू तपासले, तेव्हा एकातच सीटीई सापडला, आणि तो माणूस कॉलेजात फुटबॉल खेळलेला निघाला. शिवाय निवडीतला दोष एकूण प्रमाण फुगवू शकतो. पण दान झालेल्या मेंदूंमध्येच जास्त वर्षे खेळलेल्यांना जास्त आजार का, याचे उत्तर त्या दोषातून सहजी मिळत नाही.

तरीही कोणी म्हणेल, अमेरिकन फुटबॉल हा मुळातच धडकांचा खेळ. आपल्या फुटबॉलशी त्याचा काय संबंध? उत्तर ग्लासगोत आहे. मज्जाविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी २०१४ मध्ये ॲसलचा मेंदू पुन्हा तपासला आणि त्याला झालेला आजार सीटीईच असल्याचे सांगितले. नंतर त्यांच्या गटाने दान आलेल्या मेंदूंवर विसंबून न राहता दुसरा मार्ग धरला. स्कॉटलंडमध्ये नागरिकांच्या आरोग्यनोंदी आणि मृत्यूचे दाखले एकमेकांशी जोडता येतात. १९०० ते १९७६ दरम्यान जन्मलेले ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू एका बाजूला, आणि त्याच वयाचे, तशाच आर्थिक थरातले २३ हजारांहून अधिक सामान्य नागरिक दुसऱ्या बाजूला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार मज्जासंस्थेच्या ऱ्हासाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट होते. हेच खेळाडू हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मात्र कमी दगावले. खेळाने शरीर निरोगी राहते हे आपण ऐकत आलेले विधान खरेच ठरले, फक्त मानेच्या खाली.

आकड्यांची भीती वाटू नये म्हणून हेही सांगायला हवे: प्रत्यक्षात असे मृत्यू खेळाडूंमध्ये शेकडा १.७ आणि इतरांमध्ये शेकडा ०.५ होते. म्हणजे बहुसंख्य खेळाडू अशा आजाराने गेलेले नाहीत. २०२३ मधल्या सहा हजारांवर खेळाडूंच्या स्वीडिश अभ्यासात तर ही वाढ दीडपटीपुरतीच दिसली. साडेतीन आणि दीड यांतला फरक थोडाथोडका नाही, आणि दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. कारण आणि परिणाम यांची गाठ त्यातून थेट बांधता येत नाही, हेही मान्य. पण फुटबॉलच्या संघात निसर्गानेच एक प्रयोग मांडून ठेवला आहे, तो म्हणजे गोलकीपर. तो त्याच ड्रेसिंग रूममधला, तोच सराव, तोच प्रवास, तेच खाणेपिणे, निवृत्तीनंतरच्या त्याच अडचणी. फरक एवढाच की तो चेंडू हाताने घेतो. स्कॉटिश गटाने २०२१ मध्ये जागेनुसार विभागणी केली तेव्हा गोलकीपरांमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. बचावपटूंमध्ये धोका जवळपास पाचपट निघाला. लांबच्या गोलकिका आणि कॉर्नर डोक्याने परतवणारा स्टॉपर सर्वांत जास्त हेडर मारतो. स्वीडनमध्येही गोलकीपर वेगळेच निघाले. दोन देश, दोन निरनिराळे आकडे, आणि अपवाद मात्र एकच. दारू, गरिबी, आनुवंशिकता अशी पर्यायी कारणे पुढे करणाऱ्यांनी, त्या कारणांनी नेमके हातमोजे घालणाऱ्यालाच का वगळले, हे सांगायला हवे.

जुना कातडी चेंडू पाणी पिऊन दगडासारखा व्हायचा, आताचे चेंडू हलके आहेत, हे समाधान आपल्याकडच्या मैदानांवरही ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. कोरड्या चेंडूचे वजन १९३७ पासून साधारण तेवढेच, ४१० ते ४५० ग्रॅम आहे. आजचा चेंडू भिजत नाही हे खरे, पण तो येतो अधिक वेगाने. स्कॉटिश नोंदींमध्ये १९१० च्या सुमारास जन्मलेल्यांपासून १९६९ पर्यंत जन्मलेल्यांपर्यंत धोका कमी होत गेल्याचे दिसलेले नाही. त्यानंतरच्या पिढीचे निकाल यायला अजून अवकाश आहे, आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचे तर आजची दहा वर्षांची मुले त्या निकालात आकडे म्हणून जमा होतील.

मग कन्कशनभोवतीच चर्चा का फिरत राहिली? एक कारण सरळ आहे: ते टीव्हीवर दिसते. दुसरे कारण सोयीचे. एनएफएलने १९९४ मध्ये मेंदूच्या सौम्य इजांसाठी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी सांधेविकारांच्या डॉक्टरला बसवले. या समितीच्या सदस्यांनी ओमालू यांचा शोधनिबंध मागे घ्यावा अशी मागणी केली. २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या सुनावणीत एका सदस्येने लीगची तुलना तंबाखू कंपन्यांशी केली. लीगच्या आरोग्य विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईसारख्या आजारांचा संबंध जाहीरपणे मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये, वेब्स्टरच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. मधल्या काळात कन्कशनच्या नियमावल्या आल्या, बाजूरेषेवर स्वतंत्र डॉक्टर आले. २०२२ पासून सरावात हेल्मेटवर मऊ टोप्या आल्या. यातले काहीही वाईट नाही. पण कवटी फुटू नये म्हणून बनवलेले हेल्मेट आतल्या मेंदूचे हेलकावे थांबवू शकत नाही. कन्कशन हा अपघात मानता येतो, आणि अपघातावर मलमपट्टी करून खेळ जसाच्या तसा चालू ठेवता येतो. फटक्यांची बेरीज हेच कारण मानले, तर खेळाच्या रचनेलाच हात घालावा लागतो. कोणत्या लीगला ते आवडेल?

हात घातला तर काय होते याचे एक उदाहरण आहे. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात आपल्याच खेळाडूंना टॅकल करण्यावर बंदी घातली. मुले पुतळ्यांवर, पुढे रिमोटवर पळणाऱ्या यांत्रिक पुतळ्यांवर टॅकल शिकली. लोकांनी भुवया उंचावल्या. २०१५ मध्ये डार्टमथने आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा मिळवला, आणि पुढच्याच वर्षी लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावातून पूर्ण धडकांचे टॅकल काढून टाकण्याचा निर्णय एकमताने घेतला. एनएफएलच्या खेळाडू संघटनेनेही २०११ च्या करारात हंगामातले पूर्ण धडकांचे सराव १४ वर आणून ठेवले होते. सामन्याला प्रेक्षक असतात, पैसा असतो, जिंकण्याची ईर्षा असते. तिथले फटके कमी करणे अवघड. सरावातले फटके कमी करायला मात्र फक्त प्रशिक्षकाची इच्छा पुरते. ज्या कुटुंबांना सामना पाहण्याचा आनंद गमवायचा नाही, त्यांच्यासाठीही ही तडजोड महाग नाही. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांपुढे शाळेच्या टॅकल संघाचा अर्ज येतो तेव्हा १४ वर्षांपर्यंत फ्लॅग फुटबॉल हा पर्याय तिथे पुढे ठेवला जातो. कमरेची पट्टी ओढायची, माणूस पाडायचा नाही. हाच प्रकार २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्येही खेळला जाणार आहे.

आपल्या फुटबॉलमध्ये वाट आणखी सोपी आहे आणि ती पाडलेलीही आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला आणि ११ ते १३ वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२० मध्ये स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड यांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून तो काढला. इंग्लंडने २०२१ पासून व्यावसायिकांनाही सांगितले की जोराचे हेडर आठवड्याला सरावात दहाच. स्कॉटलंडने त्यापुढे जाऊन सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सरावच थांबवला. लहानपणी हेडर नीट शिकवला नाही तर मोठेपणी मुले चुकीच्या पद्धतीने मारतील आणि जास्त दुखापती होतील, असा प्रशिक्षकांचा आक्षेप असतो. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तंत्र शिकवायला फुगा किंवा स्पंजचा चेंडू चालतो, आणि दोरीला टांगलेल्या खऱ्या चेंडूवर पन्नास-पन्नास हेडर मारायला लावणे हे तंत्र नव्हे. मुलाची मान बारीक, डोके शरीराच्या मानाने मोठे; झटका सोसायला आधार कमी. प्रौढ खेळाडूने धोका समजून-उमजून पत्करला तर तो त्याचा अधिकार. नऊ वर्षांचा मुलगा असा करार करू शकत नाही. आणि हेडर गेला तर खेळाचा आत्माच जाईल म्हणणाऱ्यांना १९९२ आठवावे. गोलकीपरकडे पायाने परत दिलेला चेंडू त्याने हातात घ्यायचा नाही असा नियम आला तेव्हाही हीच ओरड झाली होती. खेळ उलट वेगवान झाला.

आता गोवा आणि कोल्हापूर. गोव्यात फुटबॉल हा राज्याचा खेळ आहे. तिथे तो चर्चच्या मैदानापासून फातोर्ड्याच्या स्टेडियमपर्यंत पसरलेला. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि गल्लीची इज्जत पणाला लागते. अशा ठिकाणी हेडर हा मर्दानीपणाचा दाखला होऊन बसतो: डोके पुढे घालणारा तो शूर, बाजूला होणारा भित्रा. या मानसिकतेवर नियमाशिवाय दुसरा इलाज नाही, कारण नियम आला की भित्रेपणाचा प्रश्नच उरत नाही. वेगवान गोलंदाजाच्या पाठीची काळजी म्हणून तरुणांची षटके मोजणे क्रिकेटने स्वीकारले, तेव्हा कोणी गोलंदाजांना नाजूक म्हटले नाही. जिल्हा संघटनेने बारा वर्षांखालील स्पर्धांमध्ये हेडरला फाउल ठरवणारे एक परिपत्रक काढावे, सोळा वर्षांपर्यंत सरावातल्या हेडरची आठवड्याची संख्या ठरवून द्यावी, आणि प्रशिक्षकाने ती वहीत लिहावी. यासाठी हेल्मेट विकत घ्यायचे नाही, यंत्र आणायचे नाही, परदेशी तज्ज्ञ बोलवायचा नाही. गरीब घरातल्या मुलाची फुटबॉलमधून वर येण्याची वाटही त्याने बंद होत नाही. उलट चेंडू पायात ठेवायला शिकलेले मूलच पुढे जास्त उपयोगी पडते.

राहतो प्रश्न आधीच खेळून निवृत्त झालेल्यांचा. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लिश संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक आणि बॉबी चार्ल्टन या पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला, ही गोष्ट तिथे कळली कारण ती माणसे प्रसिद्ध होती. आपल्या तालमींचे आणि गोव्याच्या क्लबांचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे स्टॉपर तितके प्रसिद्ध नाहीत. साठीतला माणूस विसरायला लागला, घरच्यांवर भडकू लागला, की ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूच्या ऊतींची बँक आहे. नेत्रदानाचा अर्ज भरून घेणाऱ्या सामाजिक संस्थांनी माजी खेळाडूंच्या कुटुंबांपर्यंत ही माहितीही पोहोचवायला हरकत नाही. त्याआधी, आणि त्याहून सोपे, काम जिवंत माणसांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला मधुमेह, रक्तदाब, दारू आणि तंबाखू याबद्दल विचारले जाते. केसपेपरवर त्याच्याखाली आणखी एक ओळ छापावी: डोक्याला फटके बसणारा कोणता खेळ खेळलात, किती वर्षे आणि कोणत्या जागेवर.